बुगडीच्या भोकापाशी केलॉइड झालाय, अनुभव हवे आहेत

लेकीने (वय २२) हौसेने बुगडीसाठी कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतलं. भोक भरून आलं, पण मागून गुळगुळीत, जांभळट गाठ उठली. आता ती चण्याएवढी आहे आणि वाढतेच आहे. रात्री इतकी खाज सुटते की त्या कुशीवर झोपता येत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी केलॉइड, म्हणजे जखमेच्या व्रणाची वाढत जाणारी गाठ, असं सांगितलं. साधा जाड व्रण जखमेच्या हद्दीत राहतो आणि हळूहळू बसतो. हा शेजारच्या चांगल्या कातडीवरही पसरतो.

घरात एकच पालुपद, 'पोरीची प्रतिकारशक्ती कमी आहे, गुळवेल चालू कर.' डॉक्टरांचं म्हणणं नेमकं उलट. जखम झाली की मॅक्रोफेज, मास्ट पेशी, टी पेशी या प्रतिकारशक्तीच्याच पेशी तिथे गोळा होतात आणि टीजीएफ-बीटासारख्या रसायनांतून फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजन (व्रण ज्याचा बनतो ते तंतुमय प्रथिन) तयार करायला लावतात. जखम भरली की हे थांबायला हवं. केलॉइडमध्ये दाह आतल्या आत धुमसत राहतो आणि कोलॅजन साचत जातं. खाजेलाही मास्ट पेशींतलं हिस्टामिन थोडंफार जबाबदार.

तिला लहानपणी इसब होता. इसबात वाढणारी इंटरल्युकिन ४ आणि १३ ही दाहाची रसायनं केलॉइडमध्येही सापडतात म्हणे. इसबावरचं डुपिलुमॅब काही केलॉइडच्या रुग्णांना देऊन पाहिलंय, पण कुणाला उतार पडला, कुणाला काहीच नाही. आमचे डॉक्टर त्याच्या वाटेला जात नाहीयेत, आणि किंमत ऐकून मीही पुढे विचारलं नाही.

नुसती कापून काढली तर निम्म्याहून जास्त वेळा परत येते, कधी आधीपेक्षा मोठी. म्हणून आधी गाठीतच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, साधारण महिन्याच्या अंतराने. गरज पडली तर शस्त्रक्रिया आणि लगेच पुन्हा इंजेक्शनं किंवा रेडिएशन. हे कुणी केलंय का? इंजेक्शन फार दुखतं असं ऐकलंय, भूल मिसळून देतात का? त्या जागी कातडी पांढरी पडली तर रंग परत येतो का? आणि दाब देणारं कानातलं मिळतं ते वरच्या कडेला नीट बसतं का, की फक्त पाळीलाच?

एक कोडं सुटत नाही. बारशाला टोचलेल्या पाळ्या अगदी स्वच्छ आहेत, दंडावरची बीसीजीची खूणही साधी. मग आताच का? केलॉइड साधारण १० ते ३० वयात जास्त होतात एवढंच डॉक्टर म्हणाले.

हे विचारायला कारण, लग्न ठरलंय आणि आत्याबाईंना नाक टोचायलाच हवंय. मी चापाच्या नथीवर अडून बसले आहे. एकदा केलॉइड झाल्यावर कुणी नाक टोचून घेतलंय का? काय झालं?

हळद, लिंबू, कांद्याचा रस कृपया सुचवू नका, ते सगळं सासूबाईंकडून येऊन गेलंय. आम्ही साताऱ्यात असतो, पुण्यापर्यंत यायची तयारी आहे.