'मानाचा पहिला' कधी लिहितात? अर्जंट मदत हवी आहे

बाप्पाभक्त_०७: बॅनर आज रात्री प्रिंटला जातोय आणि अर्धी कमिटी म्हणते 'मानाचा पहिला गणपती' टाका, अर्धी म्हणते नको भांडणं होतील. मानाचा म्हणजे सगळ्यात जुना का? आणि 'पहिला मानाचा' बरोबर की 'मानाचा पहिला'? लवकर सांगा प्लीज

मुक्ता_के: कुठलं गाव? गावात अजून किती मंडळं? कोणाला आधीपासून मान आहे का? हे न सांगता काय सांगणार

पेठकर: जुना असण्याचा संबंध नाही. पुण्यात कसबा पहिला कारण ग्रामदैवत, तांबडी जोगेश्वरी दुसरा कारण ग्रामदेवी, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. गुरुजी तालीम १८८७ ची, तरी तिसरीच. दगडूशेठला एवढी गर्दी पण मानाच्या पाचात नाही. मान म्हणजे मिरवणुकीत कोणाच्या मागे कोण, बस.

सोलापूरकर: बस कसं? आमच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात, हिरेहब्बू घराणं मानकरी, तेही पिढ्यानपिढ्या. मान घराण्याचा असतो, मंडळाचा नाही

पेठकर: तुम्ही मानकऱ्यांचं सांगताय, त्यांनी गणपतीचं विचारलंय.

माउली_२२: पिढीजातच लागतो असंही नाही. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांबरोबर महापूजेला दर्शनरांगेतलं जोडपं घेतात, त्यांनाही मानाचे वारकरीच म्हणतात आणि ते दरवर्षी वेगळे. मान दुसऱ्यांनी द्यायचा असतो, आपणच बॅनरवर कसा छापायचा?

रंगारी: फ्लेक्स नका करू, कापडी बॅनर करा, पुढच्या वर्षीही वापरता येतो. साल टाकू नका फक्त

बाप्पाभक्त_०७: फ्लेक्स कापड नंतर बघू. सांगोला तालुका, गावात तीन मंडळं, विसर्जनाला आमची मूर्ती वेशीबाहेर पडेपर्यंत बाकीचे दोघं थांबतात, माझ्या आजोबांच्या वेळेपासून असंच

मुक्ता_के: अहो मग हे आधी सांगायचं ना! ते थांबतात म्हणजे मान त्यांनीच दिलाय. लिहा बिनधास्त. आणि 'मानाचा पहिला'च लिहा, म्हणजे मानाच्या गणपतींत पहिला असा क्रम कळतो. 'पहिला मानाचा' वाचून याआधी गावात मानाचा कोणी नव्हताच असं वाटेल.

माउली_२२: तरी त्या दोन मंडळांना आज एक फोन कराच. थांबणं वेगळं आणि चौकात आपल्याला दुसरा-तिसरा ठरवणारा बॅनर बघणं वेगळं

सोलापूरकर: सांगोल्याचे का! मग गावच्या जत्रेत पालखीचा मान कोणाकडे आहे ते बघा, त्यावरून ठरवा

बाप्पाभक्त_०७: एका अध्यक्षांनी लगेच हो म्हटलं. दुसरे फोन उचलत नाहीयेत, त्यांच्या घरीच निघालोय