मदत हवी आहे: विमानतळावरील एरोमॅक्स (बिनतारी डेटा जाळे) बेस स्टेशनची जागा कशी ठरवावी?
नमस्कार. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी विमान आणि विमानतळ यांच्यातील बिनतारी डेटा संपर्काचा अभ्यास करत आहे. १९७८ पासून वापरात असलेली एकार्स ही विमान आणि जमीन यांच्यातील संदेश यंत्रणा तिच्या मूळ स्वरूपात व्हीएचएफ रेडिओवर सेकंदाला २,४०० बिट इतक्याच वेगाने चालते; विमान जागेवरून हलले, चाके धावपट्टीवरून उचलली गेली, असे छोटे संदेश तिला सहज पेलतात, पण अद्ययावत नकाशे किंवा इंजिनाच्या सविस्तर नोंदी पाठवायला ती अगदीच अपुरी पडते. म्हणून वायमॅक्स या बिनतारी ब्रॉडबँड तंत्रावर आधारलेले, ५०९१ ते ५१५० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील एरोमॅक्स मी निवडले आहे.

माझी अडचण सिग्नलच्या सावलीची आहे. या लहरी धातूवरून परावर्तित होतात, मोठ्या विमानाच्या शेपटीआड सिग्नल क्षीण होतो आणि विमाने सतत जागा बदलत असल्याने आज काढलेला कव्हरेज नकाशा उद्या लागू पडेलच असे नाही. शिवाय याच पट्ट्यात उपग्रहांकडे जाणारे दुवे असल्यामुळे प्रक्षेपणाची शक्ती हवी तेवढी वाढवता येत नाही.

अशा ठिकाणी रे-ट्रेसिंगवर, म्हणजे संगणकावर लहरींचे मार्ग काढून सिग्नलचा अंदाज बांधण्यावर, कितपत विसंबावे? उभ्या विमानांचा अडथळा त्यात कसा मांडावा? रेडिओ नियोजनाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.