‘हरकती व सूचना’: यात आपलं म्हणणं नेमकं कुठे बसतं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. शहराचा डीपी म्हणजे विकास आराखडा असो, रस्त्याची आखणी असो नाहीतर नदीकाठचं काम, पेपरातली नोटीस ठरलेल्या साच्यातली, ‘नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत शेजारच्या काकूंना मी अर्ज नेऊन दिला, त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘माझी काही हरकत नाही’. सही, तारीख, संपलं. आणि ह्याच काकू रोज संध्याकाळी सांगतात की स्टॉपवर उतरल्यावर रस्ता ओलांडायला दहा दहा मिनिटं उभं राहावं लागतं, फुटपाथ मध्येच संपतो, टेकायला एक बाकडं नाही. मी म्हटलं काकू हे लिहा ना, तर म्हणाल्या, “अगं पण ती हरकत कुठाय? आणि सूचना देणारी मी कोण, सूचना ते देतात.”

मला हे फार लागलं. हरकत मूळ अरबी, तिकडे अर्थ हालचाल. हिंदीत कृती, बहुतेकदा नको ती. गाण्यात शब्द अजून मुळाजवळ आहे, गायक छोटीशी हरकत घेतो तेव्हा सूर हलतोच की. मराठीत मात्र अडथळा, आक्षेप, आणि रोजच्या बोलण्यात ‘हरकत नाही’ म्हणजे चालेल. म्हणजे ज्याला भांडायचं नाहीये त्याने अर्ज भरायचाच नाही असा अर्थ आपोआप निघतो. सूचनेचंही तसंच, देवळाबाहेर ‘सूचना : चपला येथे काढाव्यात’, शाळेत सूचनाफलक, सगळीकडे सूचना वरून खाली येते. मग राहणाऱ्या माणसाला काय हवंय ह्याला शब्द कुठला?

प्रतिसाद : ताई, भावना पोचली पण ‘हरकत’ काढू नका हो. १९६६ च्या नगररचना कायद्यात प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवणं बंधनकारक आहे आणि सुनावणी त्यावरच होते. २०१३ मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप डीपी आला तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना गेल्या होत्या, पुढे २०१५ ला राज्य सरकारने तो आराखडा स्वतःकडे घेतला आणि २०१७ ला मंजूर केला. तुमच्या जागेवर आरक्षण पडलंय, घरावरून रस्त्याची रेघ गेलीये, तेव्हा ‘अभिप्राय’ देऊन भागत नाही, तिथे हरकतच लागते, तो शब्द दणकट आहे म्हणून ठेवायचा.

प्रतिसाद : सहमत, पण सूचनेबद्दल ताईंचं बरोबर वाटतं. गंमत बघा, नाम घेतलं की घोळ आणि क्रियापद घेतलं की सगळं स्वच्छ. पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या भागातली छोटी कामं महापालिकेच्या बजेटसाठी सुचवतात, दिवे, बाकं, फुटपाथ. तिथे आमच्या आईने दोनदा अर्ज भरला, ती म्हणते “मी काम सुचवलं”. ‘सूचना केली’ असं एकदाही म्हणाली नाही. नोटिशीत नुसतं ‘काय हवं ते सुचवा’ लिहिलं तर काकूंचा हात अडणार नाही.

प्रतिसाद : मी कोर्टात बरीच वर्षं काढली. तिथे समोरच्याला ‘म्हणणे दाखल करा’ असं सांगतात. त्यात विरोध, मागणी, संमती सगळं मावतं, आणि ‘तुझं म्हणणं काय’ हे तर घरात लहान पोरालाही कळतं.

(मूळ लेखिका) वा, ‘म्हणणं’ फार आवडलं! आणि हरकतीबद्दल पटलं, कारण फुटपाथ मध्येच तोडलाय ही हरकतच आहे, काकूंना ती हरकत वाटली नाही कारण त्या अठरा वर्षं तशाच चालतायत. आज परत बसलो. त्यांनी वर ‘माझे म्हणणे’ असं शीर्षक घातलं आणि स्टॉपपासून दवाखान्यापर्यंत कुठे कुठे रस्त्यावर उतरावं लागतं ते एकेक दुकानाच्या खुणेने लिहिलं, दीड पान झालं. एकच अडतंय, अनेकवचन. ‘म्हणणी मागविण्यात येत आहेत’ व्याकरणात बसतं पण कानाला खटकतं, कुणाला काही सुचतंय का?