शब्दचर्चा : 'लवचिक' की 'स्थितिस्थापक'?

प्रश्न (कराड) : ग्राफीनसारख्या (कार्बन अणूंचा एकच थर) एका अणूइतक्या पातळ पदार्थाची कंपने गणिताने कशी मांडतात, यावर मी मराठीत टिपण लिहीत आहे. मी 'लवचिकतेचा सिद्धांत' असे लिहिले होते. आमच्या सरांनी तेथे 'स्थितिस्थापकता' हा शब्द सुचवला. दोन्हींत खरोखर फरक आहे का? आणि ग्राफीनला 'पटल' म्हणावे की 'पत्रा'?

उत्तर (मिरज) : फरक आहे, आणि तुमच्या विषयात तो निर्णायक आहे. 'लवचिक' हा शब्द 'लवणे'च्या कुळातला; वेताची छडी लवचिक असते, कारण ती सहज वाकते. 'स्थितिस्थापक' म्हणजे बाहेरचे बळ काढून घेताच मूळ आकाराला परतणारा. तो सहज वाकतो की नाही, हा प्रश्नच त्या शब्दात नाही. पोलादाच्या जाड कांबीला कोणी लवचिक म्हणणार नाही, पण ती उत्तम स्थितिस्थापक असते. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशानेही 'स्थितिस्थापकता' हाच शब्द रुळवला, तो मला योग्य वाटतो. ग्राफीनच्या बाबतीत तर दोन्ही शब्द वेगवेगळे हाताशी हवेतच : त्याचा यंग गुणांक (ताणण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) सुमारे १ टेरापास्कल, म्हणजे पोलादाच्या जवळजवळ पाचपट, त्यामुळे ते ताणायला अत्यंत कठीण, पण वाकवायला इतके सोपे की त्यावर आपोआप सुरकुत्या पडतात.

'पटल' की 'पत्रा', याचे उत्तर वाद्यांकडे पाहिले की स्पष्ट होते. तबल्याच्या गजऱ्यावर वरून हातोडी मारली की पुडी ताणली जाते आणि सूर चढतो; पुडीला जागेवर परत आणतो तो ताण. टाळाला कोणी ताणलेले नसते, तरी तो वाजतो, कारण त्याची वाकण्याला विरोध करणारी दृढताच त्याला परत आणते. पहिले पटल, दुसरा पत्रा. गणितातही हा भेद उतरतो : तरंगलांबी निम्मी केली की पटलावरील तरंगाची वारंवारता दुप्पट होते, पत्र्यात ती चौपट होते. खाचेवर ताणून बसवलेले ग्राफीन लांब तरंगांसाठी पटलासारखे वागते. ताण नसलेले मोकळे ग्राफीन पत्र्यासारखे. तेव्हा शब्द पदार्थावरून न ठरवता परत आणणारे बळ कोणते, यावरून ठरवावा.

पुन्हा प्रश्न (कराड) : आभारी आहे, सर. मग 'प्रतिबल' हा शब्द जसाच्या तसा वापरता येईल ना?

उत्तर (मिरज) : येथे मात्र सावध राहावे. प्रतिबल म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बळ, आणि त्या क्षेत्रफळात जाडी येते. ग्रॅफाइटमधील दोन थरांतले अंतर, ०.३३५ नॅनोमीटर, हीच एका थराची जाडी धरून पत्र्याचे नेहमीचे सूत्र लावले, तर वाकण्याची दृढता सुमारे २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एक सूक्ष्म एकक) निघते. प्रत्यक्षात ती दीडच्या आसपास आहे. एकाच थराला आतला भाग आणि बाहेरचा भाग असे काही नसते, त्यामुळे पत्र्याचा एक पृष्ठभाग ताणला जातो आणि दुसरा आकसतो, ही कल्पनाच तेथे बसत नाही. म्हणून ताणाची आणि वाकण्याची दृढता या दोन स्वतंत्र राशी घ्याव्यात, आणि बळ दर एकक लांबीवर मोजावे. त्याला 'प्रतिबल' न म्हणता 'पृष्ठीय ताण' म्हटले तर वाचकाचा गोंधळ होणार नाही.

एक गोष्ट राहिली. 'अखंड माध्यम' (सुटे अणू न मोजता सलग धरलेला पदार्थ) असे लिहाल तेथे पहिल्यांदा 'अखंड मानलेले माध्यम' असे लिहावे. कार्बनचे शेजारचे दोन अणू ०.१४२ नॅनोमीटर अंतरावर असतात. तरंगलांबी त्याच्या कितीतरी पट मोठी असेल तोवरच हे मानणे चालते. ती त्या अंतराजवळ आली की अणू सुटे मोजावे लागतात, आणि 'मानलेले' हा शब्द वाचकाला ती मर्यादा आधीच दाखवून ठेवतो.