मदत हवी आहे: 'हंसा'ला लाइट स्पोर्ट विमान म्हणायचं की नाही?

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत आमच्या गणपतीत यंदा 'हंसा' विमानाचा देखावा आहे. एकास पाच मापाचं, सनबोर्डचं. पंख दोन मीटरच्या वर गेले, जिन्यातून काही उतरेना, शेवटी गच्चीवरून दोरीने खाली सोडलं. टांगलं तर शेपूट खाली! नाकात दोन जुन्या बॅटऱ्या कोंबल्या तेव्हा कुठे सरळ झालं.

अडलंय पाटीवर. मी लिहिलं होतं, 'भारतीय बनावटीचं दोन आसनी लाइट स्पोर्ट विमान'. हवाई दलातून निवृत्त झालेले शेजारचे काका चहाला आले, पाटी वाचून म्हणाले, "स्पोर्ट खोड." का ते सांगणार, तेवढ्यात काकूंनी हाक मारली.

मला माहीत आहे ते असं: बंगळूरच्या एनएएलचं (विमान-संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा) विमान, पहिला नमुना १९९३ साली उडाला, त्याच्या पुढच्या आवृत्तीला, हंसा-३ ला, २००० मध्ये डीजीसीएचं (नागरी विमानांवर देखरेख करणारं सरकारी खातं) प्रमाणपत्र. सांगाडा कंपोझिटचा (धागे आणि राळ मिळून केलेला), इंजिन रोटॅक्सचं, दोघं शेजारी-शेजारी बसतात, चाकं आत जात नाहीत. अमेरिकेच्या २००४ च्या नियमात स्पोर्ट विमान असंच असतं ना? मग बिनसतं कुठे? पेंटर उद्या सकाळी येतोय.

प्रतिसाद:
वजनावर बिनसतं. त्या नियमात उड्डाणाचं कमाल वजन ६०० किलो, पाण्यावर उतरणाऱ्यांना ६५०. हंसा-३ भरतं ७५०. ते युरोपच्या 'व्हेरी लाइट' नियमांनी तपासलंय, आणि तिथली मर्यादाच ७५० आहे. शिवाय अमेरिकेत स्पोर्ट विमान मानकांत बसतं हे बनवणाराच लिहून देतो. हंसाला सरकारी तपासणीतून जावं लागलं. काकांचा राग बहुतेक त्यावर असेल. पण २०२५ मध्ये अमेरिकेने वजनाची अट काढून स्टॉलच्या वेगावर (ज्याच्या खाली गेलं की पंख विमान उचलून धरत नाहीत) भर द्यायचं ठरवलंय, तेव्हा वाद उकरायला त्यांना नवीन मुद्दा मिळेल.

धागाकर्ता:
आभार! काकांना वाचून दाखवलं. "मी दुसरं काय म्हणत होतो?" म्हणाले. पाटीवर आता 'दोन आसनी हलकं प्रशिक्षण विमान'. पोरांना पंखा फिरताना हवाय. मोटर लावून पाहिली, पहिल्याच फेरीत समई विझली.