स्टार्टर मारला की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीसेट होतो, सप्लाय कसा बांधावा?

रबाळे_बेंच:
चार सिलिंडर पेट्रोल इंजिनसाठी एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलरवर ईसीयू बोर्ड चाललाय. गाडी बदलली तरी बोर्ड तोच राहावा म्हणून इनपुट जंपरवर ठेवलेत. सप्लाय असा: बॅटरी, शॉटकी डायोड (उलट्या बॅटरीपासून बचावाला), एसएमबीजे टीव्हीएस (व्होल्टेजचा झटका शोषणारा डायोड), ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर), मग ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर. बेंचवर सगळं ठणठणीत, पण स्टार्टर मारला की रीसेट. आणि पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रोडला पाणी तुंबतं, तर बॉक्स पूर्ण सीलबंद करावा का?

वागळे_सोल्डर:
७८०५ काढा. स्टार्टर फिरताना बॅटरी ६ व्होल्टपर्यंत सहज बसते. त्यातून शॉटकीचा अर्धा आणि ७८०५चे २ गेले की उरले साडेतीन. त्यातून ३.३ काय निघणार? टीएलई४२७५ (कमी व्होल्टेज खाणारा ५ व्होल्टचा रेग्युलेटर) लावा: ३०० मिलिअँपला जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट खातो, उलटी बॅटरी सोसतो, म्हणजे त्याच्यापुरता शॉटकीही नको. आउटपुटला किमान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, नाहीतर ऑसिलेट होतो. बॅटरी ४ व्होल्टपर्यंत पडत असेल तर मात्र बक-बूस्ट कन्व्हर्टरला (इनपुट कमी असो वा जास्त, आउटपुट तेवढंच ठेवणाऱ्या) पर्याय नाही.

एसएमबीजे ६०० वॉटचा, तोही फक्त मिलिसेकंदभराच्या पल्ससाठी. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल सुटलं तर अल्टरनेटर ४०० मिलिसेकंदांपर्यंत लोड डम्प (जास्त व्होल्टेजचा झटका) फेकतो. आयएसओ १६७५०-२ या गाड्यांच्या विद्युत चाचण्यांच्या मानकात, अल्टरनेटरला स्वतःचा क्लॅम्प (व्होल्टेज अडवणारी सोय) नसेल तर, ७९ ते १०१ व्होल्ट धरलेत. तिथे एसएम८एस२४ए हा मोठा टीव्हीएस लावा. एसएम८एस३३ए घेऊ नका, तो ५३ व्होल्टला क्लॅम्प करतो आणि टीएलई४२७५ची मर्यादा ४५. बॅटरी उलटी लागली तर हा टीव्हीएस डायोडसारखा चालू होऊन फ्यूज उडवतो. उडू दे, त्यासाठीच फ्यूज आहे. फक्त तिथला ट्रॅक फ्यूजपेक्षा आधी जळणार नाही इतका रुंद ठेवा.

ऐरोली_हार्नेस:
सप्लायचं वरच्या दादांनी सांगितलंच. जंपरचं म्हणाल तर कूलंट आणि हवेच्या तापमानाला २.४९ किलोओहमचा पुल-अप (सिग्नलची तार ५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) कायमचा सोल्डर करा, तो सेन्सरच्याच ५ व्होल्टवरून घ्या. जंपर फक्त क्रँक सेन्सरच्या इनपुटला: हॉल सेन्सर असेल तर पुल-अप हवा, व्हीआर (चुंबक-कॉइलचा सेन्सर) असेल तर नको. व्हीआरला मॅक्स९९२६ ही इंटरफेस चिप. त्याच्या दोन तारा उलट्या झाल्या तर इंजिन सुरू होईलही, पण क्रँकच्या दातेरी चाकावरच्या गहाळ दातापाशी झीरो-क्रॉसिंग (सिग्नल शून्य ओलांडतो तो क्षण) सरकतं, टायमिंग भरकटतं आणि माणूस सॉफ्टवेअर तपासत बसतो. स्कोप लावून आधी पोलॅरिटी बघा.

बॉक्स पूर्ण सीलबंद नकोच. गरम बॉक्सवर पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि वायरच्या दोऱ्यांतून पाणी आत ओढलं जातं. व्हेंट मेम्ब्रेन (हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा पडदा) बसवा, कनेक्टरचं तोंड खाली, हार्नेसला आधी खाली झोळ देऊन मग वर न्या. बोर्डवर ओलरोधक कोटिंग करण्याआधी सोल्डरिंगचा फ्लक्स नीट धुवा, नाहीतर ओल आतच अडकते. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन बोर्डजवळ नको, तांबं खातं; न्यूट्रल क्युअर मागा.

रबाळे_बेंच:
आभार. बॉक्स बॉनेटखाली ठेवला तर चालेल?

वागळे_सोल्डर:
कंट्रोलरच्या नंबरात शेवटी ६ असेल तर ८५ अंशांपर्यंतच, ७ असेल तर १०५. ६ असेल तर केबिनमध्ये, ग्लोव्हबॉक्समागे ठेवा. पाण्याचा अर्धा प्रश्नही तिथेच मिटतो.