जुनी स्पोर्ट बाइक घेताना तुम्ही काय पाहिले? अनुभव लिहावेत

घाटवाट
भाच्याने काल रात्री 2016 च्या निन्जा 300 ची छायाचित्रे पाठवून "मामा, घेऊ का?" असे विचारले आणि मला आमच्या दादाने घेतलेली जुनी करिझ्मा आठवली. करिझ्मा 2003 मध्ये बाजारात आली. तीन-चार वर्षे वापरलेली गाडी पाहायला दादाने नाना पेठेतल्या ओळखीच्या मेकॅनिककाकांना सोबत नेले होते. काकांनी रंगाकडे पाहिलेही नाही. इंजिनाला हात लावताच ते कोमट लागले, तेव्हा "उद्या सकाळी येतो, तोवर गाडी सुरू करू नका" असे सांगून ते परतले. रात्रभर थंड राहिलेले इंजिन पहिल्या मिनिटभरात टायमिंग चेनचा खडखडाट, निळसर धूर, सुरू व्हायला लागणारा उशीर हे सारे उघड करते, आणि आधीच तापवून ठेवलेले इंजिन त्यातले बरेचसे झाकते, हे मी त्यांच्याकडून शिकलो. आपणही आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती.

फेअरिंगखाली
मालक फेअरिंग, म्हणजे गाडीचे बाहेरचे प्लास्टिकचे कवच, काढून दाखवायला तयार आहे का, हा माझा पहिला प्रश्न असतो. या गाड्यांचा रेडिएटर, फ्रेम आणि इंजिनाची माउंटिंग प्लास्टिकच्या आड असतात, त्यामुळे पडलेल्या गाडीवर बाहेरून आणलेले नवे फेअरिंग चढवले की फोटोत ती कोरी दिसते. त्यानंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते जिथे अडते तो स्टॉपर पाहावा. गाडी जोरात आपटली असेल तर तो चेपलेला, तुटलेला किंवा वेल्डिंग केलेला सापडतो. मोशीला पाहिलेल्या एका गाडीचे फेअरिंग, लिव्हर, बार-एंड सगळे नवे होते, पण एका बाजूचा स्टॉपर अर्धा उडालेला होता. विचारताच मालकाने अपघाताची सगळी हकिगत प्रामाणिकपणे सांगितली, याचे मला आजही कौतुक वाटते. गाडी मात्र मी घेतली नाही.

पंचगंगाकाठ
कोल्हापुरात माझे गॅरेज आहे, त्यामुळे 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै मी विसरू शकत नाही. पुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या मी स्वतः उघडल्या आहेत. धुऊन पॉलिश केलेली गाडी वरून ओळखू येत नाही, म्हणून सीट काढून फ्यूज बॉक्स उघडावा, एखादा कनेक्टर सोडवून त्याच्या पिना हिरवट पडल्या आहेत का ते पाहावे, आणि एअर फिल्टरच्या डब्याचा तळ व हेडलाइटच्या काचेची आतली बाजू टॉर्चने तपासावी. तिथे वाळलेल्या गाळाची रेघ राहतेच. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या साफ करून पुन्हा धावत असत, परंतु इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), सेन्सर आणि वायरिंग यांचा त्रास काही महिन्यांनी सुरू होतो आणि तोवर विकणारा फोन उचलेनासा होतो. आमच्याकडची प्रत्येक गाडी बुडालेली नसते, हेही नमूद करतो. नंबर पाहून कोणी आमच्या भागातली चांगली गाडी नाकारू नये.

खाडीपल्याड
रत्नागिरीकडची गाडी असेल तर पुढच्या फोर्कच्या पाइपवरून नख फिरवावे. खाऱ्या हवेने क्रोमला खड्डे पडलेले असतील तर नवे ऑइल सीलही लवकरच फाटते आणि पाइपच बदलावे लागतात.

स्वयंपाकघरातून
मुलगा जुनी आर15 घ्यायची म्हणतो आहे आणि त्याला रोज कात्रज घाटातून जायचे आहे, त्यामुळे मला फार काळजी वाटते. टायरवर तारीख असते असे ऐकले. ती कशी वाचावी, हे कोणी सांगेल का?

फेअरिंगखाली
ताई, टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2319 असे लिहिलेले असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या घाटात त्याची पकड कमी पडते, म्हणून टायर जुने निघाले तर दोन्ही नव्या टायरांची किंमत गाडीच्या किमतीतून वजा करून मागावी. तुमची काळजी अगदी रास्त आहे. मुलाला आधी टायर आणि ब्रेक पाहायला सांगा, वेगाची चर्चा नंतर करता येईल.

स्वयंपाकघरातून
मनापासून आभार. कुकर उतरवून लगेच त्याला हे वाचून दाखवते.

फॉर्म तीस
कागदपत्रांबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. चासीचा नंबर आरसी बुकातून नुसता वाचू नये, तो हँडलखालच्या फ्रेमवर कोरलेल्या आकड्यांशी एकेक करून ताडावा. आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरावे. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत, आणि थकलेली ई-चलने त्याच बैठकीत भरून घ्यावीत. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे काम संपले, असे अनेक जण धरून चालतात. कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विकणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावे, कारण नाव बदललेले नसताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी 2018 चा निकाल आहे.

पंचगंगाकाठ
दिल्लीची स्वस्त गाडी आणणाऱ्यांसाठीही दोन ओळी लिहाव्यात.

फॉर्म तीस
अवश्य. तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, 12 महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची असेल तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. तो खर्च मिळवून पाहिला की स्वस्ताई बरीच कमी होते.

लाल दिवा
125 सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत पुढील गोष्ट नक्की पाहावी. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर तो विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड समोर आहे आणि भावात तो धरता येतो. दिवा मुळीच लागत नसेल तर मला अधिक शंका येते, कारण बिघाड लपवण्यासाठी तो झाकलेला किंवा तोडलेला असू शकतो. चेक इंजिनच्या दिव्यालाही हेच लागू आहे.